काजूचा हंगाम आणि मार्चअखेर: गोव्यात शास्त्रज्ञ, उद्योजक व सरकार यांचा संयुक्त प्रकल्प कसा उभारावा

दोनापावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोच्या सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, जुन्या गोव्याजवळ एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे आणि फर्मागुढी, कुंकळ्ळी व झुआरीनगर येथे अभियांत्रिकीच्या नामवंत संस्था आहेत. वेर्ण्यापासून पिसुर्लेपर्यंत औद्योगिक वसाहती पसरलेल्या आहेत आणि सगळ्या फाईली जेथे जातात ते सचिवालय पर्वरीला आहे. ही सर्व ठिकाणे एका दिवसात गाडीने फिरून येण्यासारखी आहेत, आणि देशातील फार थोड्या राज्यांना एवढी जवळीक लाभलेली आहे. तरीही सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या भट्टीवाल्याची अडचण एलाच्या प्रयोगशाळेत पोहोचायला कित्येकदा वर्षे लागतात, आणि प्रयोगशाळेत सापडलेले उत्तर परत सत्तरीत पोहोचेलच याची खात्री नसते.

अशा प्रकल्पांची जुळवाजुळव करण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. त्यातून जे शिकायला मिळाले ते येथे क्रमाने मांडतो. उदाहरण शेवटपर्यंत काजूच्या गाळपाचेच, म्हणजे बोंडांच्या रसापासून फेणी हे मद्य बनवण्याचेच, घेतले आहे, कारण त्यात शेतकरी, लघुउद्योग, अबकारी खाते, कृषी खाते, सूक्ष्मजीवशास्त्र आणि भौगोलिक मानांकन हे सगळे एकत्र येते. मिठागर, खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीवरील शेती), मासळी प्रक्रिया किंवा औषधनिर्मिती या क्षेत्रांत काम करणाऱ्यांना तपशील बदलून हीच पद्धत वापरता येईल.

प्रश्न भट्टीवर जाऊन ऐकावा

पहिली बैठक सभागृहात घेऊ नये. एप्रिल महिन्यात, गाळप चालू असताना, सकाळी भट्टीवर जावे. तेथे पिकून गळालेली बोंडे वेचून आणलेली असतात, कोळंबी म्हणतात त्या कुंडात ती तुडवून रस काढलेला असतो आणि तो पिंपांत आंबायला ठेवलेला असतो. पूर्वी त्यासाठी मातीची भांडी असत, आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकची पिंपे दिसतात. मालक पिंपावर वाकतो, फेस खाली बसला आहे की नाही ते पाहतो, वास घेतो आणि रस भांड्यात चढवायचा की आणखी थांबायचे ते ठरवतो. अशाच एका सकाळी वाळपईच्या बाजूला एका भट्टीवाल्याने मला शेजारी शेजारी ठेवलेली दोन पिंपे दाखवली. एकाच दिवशी, एकाच रसाने भरलेली असूनही त्यातल्या एकाला नेहमीचा गोडसर वास होता आणि दुसऱ्याला नाकात झोंबणारा शिरक्याचा वास येत होता. दुसरे पिंप त्याने ओतून दिले आणि म्हणाला, “हे असं का होतं, तेवढं सांगा. बाकीचं आम्हांला येतं.”

संशोधनाचा प्रश्न म्हणतात तो हाच. रसातील यीस्ट साखरेचे मद्यार्क करते आणि हवेचा संपर्क वाढला की ॲसिटिक ॲसिड तयार करणारे जिवाणू त्या मद्यार्काचे शिरक्यात रूपांतर करतात, ही गोष्ट सूक्ष्मजीवशास्त्राला परिचित आहे. मात्र याच भट्टीत, या तापमानाला, या प्रकारच्या पिंपात नेमके काय बिघडते आणि ते कमी खर्चात कसे टाळता येईल, याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात तयार मिळत नाही. शास्त्रज्ञाने हा प्रश्न ‘काजूरसातील सूक्ष्मजीवांच्या विविधतेचा अभ्यास’ असा लिहिला आणि खात्याने ‘काजू क्षेत्राचा सर्वांगीण विकास’ असा लिहिला, तर दोन्ही कागदांवरून ओतून दिलेले पिंप नाहीसे होते. म्हणून एक पानाचे टिपण तयार करावे. काय बिघडते, किती वेळा बिघडते, त्यात किती रुपये जातात आणि किती सुधारणा झाली म्हणजे मालक समाधानी होईल, एवढेच त्यात मराठीत किंवा कोकणीत लिहावे आणि ते भट्टीवाल्याला वाचून दाखवावे. त्याने मान हलवल्याशिवाय पुढे सरकू नये. प्रस्तावाची भाषा नंतर कितीही शास्त्रीय झाली, तरी हे टिपण पहिल्या पानाला जोडलेले राहिले पाहिजे.

तीन पंचांगे एका कागदावर मांडावीत

गोव्यात संयुक्त प्रकल्प पैशांअभावी जितके फसतात त्याहून अधिक वेळेच्या घोळाने फसतात, असे माझे ठाम मत आहे. काजूचा हंगाम साधारणपणे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत चालतो. सरकारचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि १ एप्रिलला सुरू होते, म्हणजे हंगामाच्या अगदी मध्यावर. विद्यापीठाचे वर्ष पावसाळ्यात सुरू होते आणि संशोधन साहाय्यक नेमायचा तर जाहिरात, मुलाखत व रुजू होणे यांत महिने जातात. ही तिन्ही पंचांगे वेगवेगळ्या भिंतींवर टांगलेली असतात आणि ती एकत्र पाहण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते.

माझ्या अनुभवातील एका प्रकल्पाला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी मिळाली, तेव्हा आम्हां सर्वांना आनंद झाला. रस काढण्याच्या यंत्राची निविदा एप्रिलमध्ये निघाली, दरपत्रके मेमध्ये उघडली गेली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, यंत्र भट्टीच्या पडवीत येऊन पोहोचले. तोवर झाडावर एकही बोंड उरले नव्हते. निळ्या ताडपत्रीखाली ते यंत्र आठ महिने राहिले. पुढच्या हंगामाच्या आधी संशोधन साहाय्यक मुलीला दुसरीकडे कायमची नोकरी लागली आणि तिच्या वहीत काय लिहिले आहे ते सांगणारे कोणी राहिले नाही. यात कोणी कामचुकारपणा केला नव्हता. निविदा नियमाप्रमाणे झाली होती, मंजुरीही वेळेत होती, परंतु ती वेळ खात्याच्या पंचांगातली होती, काजूच्या नव्हे.

म्हणून आराखडा हंगामाकडून मागे मोजत करावा. प्रयोग फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू व्हायचा असेल तर यंत्रे जानेवारीत बसवून, पाण्यावर चालवून पाहिलेली असली पाहिजेत. त्यासाठी खरेदीचा आदेश ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि मंजुरी त्याच्याही आधी हवी. साहाय्यकाची नेमणूक चतुर्थीनंतर लगेच व्हावी, म्हणजे हंगामापूर्वी त्याला भट्टीची ओळख होईल. या हिशेबाने प्रस्ताव लिहायला उत्तम काळ म्हणजे मेअखेर ते जुलै. हंगाम नुकताच संपलेला असतो, काय बिघडले ते लोकांना आठवत असते आणि पावसामुळे भट्टीवाल्याला बोलायला सवड असते. राज्याच्या अंदाजपत्रकात तरतूद हवी असेल, तर संबंधित खात्याच्या मागण्या तयार होण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, टिपण त्यांच्या टेबलावर पोहोचलेले असावे. फेब्रुवारीत भेटायला जाणाऱ्याला अधिकारी चहा देतात, पण तरतूद देऊ शकत नाहीत. मासळीच्या प्रकल्पात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीभोवती आणि खाजनाच्या प्रकल्पात पावसाआधीच्या बांधदुरुस्तीभोवती असाच मागे मोजत आराखडा करावा लागतो.

सामंजस्य करारावर थांबू नये

छायाचित्रासह झालेला सामंजस्य करार हा केवळ इच्छेचा दस्तऐवज असतो. कोणी किती पैसे द्यायचे, कोणाचे यंत्र, कोणाचा शोध, कोणी कधी प्रसिद्ध करायचे, हे त्यातून सहसा ठरत नाही. त्यापाठोपाठ स्वतंत्र सहकार्य करार करावा आणि त्यावर सही करण्याचा अधिकार ज्याला आहे त्याचीच सही घ्यावी. संस्थेच्या वतीने बहुधा संचालक किंवा कुलसचिव सही करतात, शास्त्रज्ञ करू शकत नाही. भागीदारीतील उद्योगात सर्व भागीदारांची संमती तपासावी. सरकारी बाजूला वित्त खात्याचा अभिप्राय फाईलवर आहे का, ते सहीच्या आधी विचारावे.

करारात सर्वाधिक काळजी पेटंटच्या कलमाची घ्यावी. प्रत्येक पक्ष आधीपासून जे ज्ञान घेऊन आला आहे त्याची यादी परिशिष्टात लिहावी, म्हणजे प्रकल्पात नवे काय निर्माण झाले ते वेगळे ओळखता येईल. ‘पेटंट दोघांच्या नावे’ एवढे लिहून अनेक जण समाधान मानतात, परंतु त्यातला धोका ओळखायला हवा. १९७० च्या पेटंट कायद्याच्या ५० व्या कलमानुसार, वेगळे काही ठरलेले नसेल तर सहमालकांचा वाटा समान असतो, प्रत्येक जण दुसऱ्याला हिशेब न देता तो शोध स्वतः वापरू शकतो आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय कोणालाही परवाना देता येत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा, की कारखाना असलेला भागीदार उत्पादन करून सर्व नफा ठेवू शकतो आणि कारखाना नसलेली संशोधन संस्था तिसऱ्या उद्योगाला परवाना देऊ पाहील तर पहिला भागीदार तिला अडवू शकतो. हे टाळण्यासाठी स्वामित्वशुल्काचा दर, परवाना देण्याचा अधिकार आणि ठरावीक मुदतीत उत्पादन सुरू न झाल्यास इतरांना परवाना देण्याची मोकळीक, या तीन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात. गोव्यातल्या लहान भट्ट्यांच्या दृष्टीने तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण एका मोठ्या खरेदीदाराने शोध घेऊन कपाटात ठेवला तर बाकीच्यांना त्याचा काहीच उपयोग होत नाही.

प्रसिद्धीच्या बाबतीत दोन्ही बाजूंची अडचण खरी असते. शोधनिबंधाविना शास्त्रज्ञाची बढती अडते, तर निबंध अर्जाआधी छापला गेला की उद्योजकाचे पेटंट धोक्यात येते, कारण आधी प्रसिद्ध झालेली गोष्ट नवी मानली जात नाही आणि या नियमाचे अपवाद फार अरुंद आहेत. परिषदेतील भित्तीपत्रक हीसुद्धा प्रसिद्धीच ठरू शकते. यावर सोपा मार्ग आहे. निबंध किंवा भित्तीपत्रक पाठवण्यापूर्वी ठरावीक दिवसांची, समजा ४५ दिवसांची, मुदत उद्योजकाला वाचण्यासाठी द्यावी आणि त्या काळात तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करावा. पूर्ण तपशील सादर करण्यास त्यानंतर १२ महिने मिळतात. लघुउद्योग, स्टार्टअप आणि मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्था यांना अर्जाच्या शुल्कात मोठी सवलत आहे. मात्र मोठी कंपनी सहअर्जदार झाली की ती सवलत जाते, हे कोणाचे नाव घालायचे ते ठरवताना लक्षात घ्यावे.

जे सगळ्यांचे आहे ते एकट्याच्या नावावर करू नये

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. भौगोलिक मानांकन ही त्या प्रदेशातील उत्पादकांची सामूहिक मालमत्ता असते, म्हणून प्रक्रियेत बदल सुचवणाऱ्या शास्त्रज्ञाने मानांकनाच्या नोंदणीतील उत्पादनाचे वर्णन आधी वाचून घ्यावे. बदल चांगला असूनही उत्पादन त्या वर्णनाबाहेर गेले, तर भट्टीवाल्याला त्यावर फेणीचे नाव लावताना अडचण येईल. प्रयोगापुरते गाळप करायचे असले तरी अबकारी खात्याला आधी विचारावे. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा लागू आहे आणि प्रयोगशाळेत गाळलेला मद्यार्कही मद्यार्कच असतो.

पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमाने पारंपरिक ज्ञान आणि निसर्गात जसा आहे तसा सापडलेला सजीव, या दोहोंना पेटंटमधून वगळले आहे. त्यामुळे आजोबांच्या काळापासून चालत आलेली आंबवण्याची रीत कोणाच्या नावावर होणार नाही, आणि होऊ नये असेच मला मनापासून वाटते. पेटंट मिळू शकेल ते त्यावर नव्याने रचलेल्या, तपासून सिद्ध केलेल्या सुधारणेला.

भट्टीतील पिंपातून वेगळे काढलेले यीस्ट हे जैविक संसाधन आहे, याची जाणीव उद्योजकांना बहुधा नसते. जैवविविधता कायदा २००२ सालचा असून २०२३ च्या दुरुस्तीने त्यात बदल झाले आहेत. अशा संसाधनावर आधारलेल्या शोधाला पेटंट मंजूर होण्यापूर्वी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावे लागते. भारतीय अर्जदारांसाठी त्या टप्प्यावर आता नोंदणी पुरते, तर परकीय सहभाग असल्यास पूर्वपरवानगीची अट कायम आहे. अर्जात सजीवाचा उगम कोठला ते लिहावे लागते आणि गरज पडल्यास तो मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. असे संग्रह चंदीगड आणि पुणे येथे आहेत. राज्य जैवविविधता मंडळ व पंचायतीची जैवविविधता समिती यांना प्रकल्पाच्या सुरुवातीलाच भेटावे. ज्या गावातून नमुने घेतले तेथील लोकांना लाभाचा वाटा कसा मिळेल, हे नंतर सवडीने ठरवू म्हटले तर ते कधीच ठरत नाही.

पैसा

पैशाचे स्रोत मिसळू नयेत. मूलभूत अभ्यासासाठी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे, ज्याचा कायदा २०२३ मध्ये झाला. जैवतंत्रज्ञानातील नव्या उद्योगांसाठी बायरॅक ही केंद्र सरकारची संस्था २०१२ पासून अनुदान देते, आणि उत्पादनाच्या उंबरठ्यावर आलेल्या तंत्रज्ञानासाठी तंत्रज्ञान विकास मंडळाचे अर्थसाहाय्य असते. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे तिला सामाजिक उत्तरदायित्वासाठी सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते, आणि त्यातून सार्वजनिक विद्यापीठे व राष्ट्रीय प्रयोगशाळांना संशोधनासाठी निधी देता येतो. परंतु असा निधी देऊन त्याच शोधाचे हक्क मागणे नियमांच्या हेतूशी विसंगत आहे. हक्क हवे असतील तर कंपनीने प्रायोजित संशोधनाचा स्वतंत्र करार करावा. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे व संशोधन केंद्रे यांच्या अनुदानातून होणाऱ्या संशोधन सेवांना सूट देण्याची शिफारस केली. करार करताना त्याप्रमाणे रक्कम मांडली जाते का, ते संस्थेच्या लेखा विभागाकडून तपासून घ्यावे.

उद्योजकाने रक्कम लहान का होईना, पण रोख द्यावी. जागा, वीज आणि वेळ यांचे मोल मोठे असले, तरी ज्याने स्वतःच्या गल्ल्यातून दहा हजार रुपये दिले आहेत तो प्रयोगाच्या दिवशी भट्टीवर हजर राहतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

काम चालू असताना

तिन्ही बाजूंना बांधून ठेवणारा एक पूर्णवेळ माणूस नेमावा आणि त्याच्या पगाराची तरतूद प्रस्तावातच करावी. तो फार शिकलेला नसला तरी चालेल, पण त्याला भट्टीवर, प्रयोगशाळेत आणि पर्वरीत तिन्हीकडे बोलता आले पाहिजे. नोंदवही भट्टीवर ठेवावी. त्यात तारीख, पिंपाचा क्रमांक, रसाचे तापमान, झाकण उघडे की बंद, कोणत्या दिवशी गाळले, ग्रौ (मद्याच्या तीव्रतेचे गोव्यातील माप) किती आला आणि पिंप ओतून द्यावे लागले का, एवढ्याच गोष्टी असाव्यात आणि त्या भट्टीवाल्याने स्वतःच्या अक्षरात लिहाव्यात. काही पिंपे जुन्या पद्धतीने ठेवण्याचा आग्रह शास्त्रज्ञाने धरावा, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते सांगता येणार नाही. ती पिंपे बिघडली तर त्याची भरपाई प्रकल्पातून देण्याचे आधीच ठरवावे. प्रयोगाचा तोटा गरीब भागीदारावर पडणे योग्य नाही.

महिन्यातून एकदा बैठक भट्टीवरच घ्यावी आणि खात्याच्या अधिकाऱ्यालाही तेथेच बोलवावे. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, त्यामुळे प्रत्येक निर्णय त्याच दिवशी एका परिच्छेदात लिहून फाईलवर लागेल असे पाहावे. नवीन अधिकारी फाईल वाचूनच प्रकल्पाला ओळखतो. अपयशही तितक्याच स्पष्टपणे लिहावे. एका हंगामात उत्तर सापडेल अशी हमी कोणी देऊ नये, कारण हंगाम वर्षातून एकदाच येतो आणि दोन हंगामांशिवाय निष्कर्षावर विसंबता येत नाही. म्हणून मुदत किमान तीन वर्षांची मागावी.

प्रकल्प संपताना

विनियोग प्रमाणपत्र हे शेवटचे काम समजून मागे ठेवले जाते आणि पुढचा हप्ता तेथेच अडकतो. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे ते १२-अ नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचे असते. ते एप्रिल-मेमध्येच द्यावे, आणि त्या महिन्यांत सगळे भट्टीवर गुंतलेले असणार हे ओळखून लेखापालाला मार्चपासून कामाला लावावे.

यंत्राचे काय होणार, हा प्रश्न मात्र सहसा कोणीच वेळेवर विचारत नाही. सरकारी अनुदानातून घेतलेली मालमत्ता अनुदान देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे प्रकल्प संपला की भट्टीवर बसवलेले, सगळ्यांच्या हाताला सवयीचे झालेले यंत्र संस्थेच्या गोदामात परत जाते आणि तेथे गंजते. हे टाळायचे असेल तर मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, म्हणजे पावसाळ्यातच, यंत्र भट्टीवाल्यांच्या सहकारी संस्थेकडे किंवा पंचायतीकडे सोपवण्याची परवानगी मागणारे पत्र पाठवावे. त्यासोबत दुरुस्ती कोण करणार, सुटे भाग कोठे मिळतात आणि भाडे किती आकारणार, याचे अर्ध्या पानाचे टिपण जोडावे. मंजुरी नाताळपूर्वी हाती आली, तर फेब्रुवारीत पहिली बोंडे पडायला लागतात तेव्हा यंत्र जागेवरच असेल.